कौलारू छपराचे नूतनीकरण

कौलारू छपराचे नूतनीकरण म्हणजे घरावरील जुनी कौले उतरवून, त्यांखालील सांगाड्याची तपासणी व आवश्यक ती दुरुस्ती करून छप्पर नव्याने चढवण्याचे काम होय. महाराष्ट्रातील कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील जास्त पावसाच्या प्रदेशात उतरत्या छपराची कौलारू घरे मोठ्या संख्येने आहेत. अशा घरांच्या आयुष्यात हे काम काही दशकांनी एकदा करावे लागते. कौले दिसायला जुनी झाली म्हणून क्वचितच ते हाती घेतले जाते. बहुधा कौलांखालचे लाकूड निकामी झाल्यामुळे त्याची गरज निर्माण होते. लाकडाची खरी अवस्था कौले उतरवल्यावरच कळत असल्याने या कामाचा खर्च आणि कालावधी आधी नेमका सांगता येत नाही. दुसरीकडे, पावसाळ्यामुळे काम संपवण्याची मुदत मात्र ठरलेली असते.

शाकारणी आणि नूतनीकरण

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छपराची जी किरकोळ दुरुस्ती केली जाते, तिला शाकारणी म्हणतात. मूळ अर्थाने हा शब्द गवताच्या छपराशी निगडित असला, तरी कौलारू छपराच्या वार्षिक डागडुजीसही तो वापरला जातो. शाकारणीत फुटलेली कौले बदलणे, सरकलेली कौले जागेवर आणणे, साचलेला पालापाचोळा काढणे आणि एखाददुसरी रीप बदलणे ही कामे होतात. या कामाला कौले चाळणे किंवा परतणे असेही म्हणतात. विदर्भात कौलांना कवेलू हा शब्द रूढ आहे.

नूतनीकरणात संपूर्ण छप्पर, किंवा निदान त्याचा एक पूर्ण पाखा (उताराची एक बाजू), उघडा केला जातो. शाकारणी घरात राहूनच करता येते. नूतनीकरणाच्या काळात मात्र घराचा काही भाग अनेक दिवस वापराबाहेर राहतो.

पार्श्वभूमी

पश्चिम भारतात पूर्वी घरांवर गवत, झावळ्या किंवा कुंभाराने चाकावर घडवलेली नळीची कौले असत. नळीची अर्धगोल कौले उलटसुलट रचून केवळ वजनाने जागेवर राहतात. माकडे, मांजरे आणि वारा यांमुळे ती सहज सरकतात व त्यांना वरचेवर चाळावे लागते.

१८६० च्या दशकात बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूर येथे यंत्रावर दाबून घडवलेल्या चपट्या कौलांचे उत्पादन सुरू केले. जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन तंत्रज्ञाचे नाव या उद्योगाच्या आरंभाशी जोडले जाते. नेत्रावती नदीच्या परिसरातील चिकणमाती या कौलांसाठी योग्य ठरली. त्यांच्या कडांवरील खाचा शेजारच्या कौलात अडकतात, त्यामुळे कमी वजनात अधिक जलरोधक आच्छादन मिळते. समुद्रमार्गाने ती मुंबई, कोकण व गोव्यात पोहोचली आणि मंगळुरी कौले या नावाने रूढ झाली. आज अशा कौलांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ६५४ हे मानक लागू आहे.

छपराची रचना

उतरत्या छपराच्या सर्वांत वरच्या आडव्या लाकडास आढे म्हणतात. आढ्यापासून भिंतीच्या माथ्यावरील तुळईपर्यंत तिरपे उतरणारे लाकूड म्हणजे वासा. वाशांवर आडव्या ठोकलेल्या अरुंद पट्ट्यांना रिपा म्हणतात, आणि कौलाच्या पाठीवरचे टोक या रिपेत अडकते. मोठ्या खोल्यांवर आढ्याचा भार पेलण्यासाठी त्रिकोणी कैच्या वापरतात. भिंतीबाहेर आलेला छपराचा कडेचा भाग म्हणजे वळचण, तर तिथून गळणाऱ्या पाण्याच्या धारा म्हणजे पागोळ्या.

कोकणातील जुन्या घरांत सागाबरोबरच ऐन, किंजळ व फणस यांचे लाकूड आढळते. रिपांसाठी अनेक ठिकाणी माडाचे किंवा पोफळीचे लाकूडही वापरलेले असते. या घटकांचे आयुष्य सारखे नसते. चांगले भाजलेले कौल पिढ्यान्‌पिढ्या टिकते, रीप त्याहून फार लवकर कुजते, आणि वासा व आढे यांचे आयुष्य त्यांच्यापर्यंत पाणी व वाळवी पोहोचते की नाही, यावर अवलंबून असते. त्यामुळे नूतनीकरणात जुनी कौले पुन्हा वापरणे आणि खालचे लाकूड बदलणे, हा प्रकार सर्रास आढळतो.

नूतनीकरणाची गरज

पुढील लक्षणे आढळल्यास केवळ शाकारणी पुरेशी ठरत नाही:

* आढ्याची रेषा मध्यभागी खाली झुकलेली दिसणे;
* पाख्याच्या पृष्ठभागावर खोलगट भाग निर्माण होणे;
* वाशांच्या टोकांशी, विशेषतः भिंतीत शिरलेल्या भागाशी, लाकूड मऊ लागणे;
* लाकडावर मातीच्या बारीक नळ्या (वाळवी) किंवा खाली पिठासारखा भुसा (भुंगा) दिसणे;
* दरवर्षी तीच गळती नव्या ठिकाणी सुरू होणे;
* कौलांचे पापुद्रे सुटणे किंवा पाऊस थांबल्यावरही ती दीर्घकाळ ओली राहणे.

पाणी आत ज्या जागी शिरते आणि खोलीत ज्या जागी ठिबकते, त्या जागा बहुधा भिन्न असतात. फटीतून आलेले पाणी वाशाच्या अंगाने उतारावर वाहत जाते आणि एखाद्या जोडापाशी किंवा गाठीपाशी खाली पडते. त्यामुळे ठिबकणाऱ्या जागेच्या वर, आढ्याच्या दिशेने शोध घ्यावा लागतो. लाकूड तपासण्यासाठी सुतार टोच्या किंवा पटाशीचे टोक वापरतात. वरून शाबूत दिसणारे लाकूड वाळवीने आतून पोकळ केलेले असू शकते. ठोकल्यावर येणारा बद्द आवाज हे त्याचे लक्षण होय.

कामाचा हंगाम

कोकणात पावसाळ्यातील पर्जन्यमान मोठे असते. रत्नागिरी येथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईत नैऋत्य मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख भारतीय हवामान विभागानुसार ११ जून असून दक्षिण कोकण व गोव्यात तो त्याआधी येतो. परंपरेने छपराची कामे शिमग्यानंतर सुरू करून मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, संपवली जात.

अलीकडच्या चक्रीवादळांमुळे ही मुदतही सुरक्षित राहिलेली नाही. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. मे २०२१ च्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ गोवा व कोकण किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. दोन्ही वादळे मोसमी पावसाच्या आधी आली. मेअखेरपर्यंत लांबलेले काम अशा वेळी घर उघडे असतानाच सापडते. त्यामुळे लाकूड कापणे, वाळवणे व साहित्य जमवणे ही कामे हिवाळ्यात आणि छप्पर उघडण्याचे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करणे अधिक सुरक्षित ठरते.

पूर्वतयारी

अंदाजपत्रक

कौलांची संख्या छपराच्या उताराच्या क्षेत्रफळावरून काढतात, घराच्या जमिनीवरील क्षेत्रफळावरून नव्हे. उदाहरणार्थ, वळचणीसह १० मीटर लांब व ८ मीटर रुंद जागेवरील छपराचा उतार ३० अंश असेल, तर आच्छादनाचे क्षेत्रफळ सुमारे ९२ चौरस मीटर भरते. एका चौरस मीटरला सुमारे १५ मंगळुरी कौले धरल्यास सुमारे १,४०० कौले लागतात. फूटतूट धरून थोडी अधिक कौले मागवावी लागतात. आढ्यावरची कौले व काचेची कौले यांची गणती वेगळी करतात.

लाकडाचा अंदाज बांधणे अधिक कठीण असते. कौले उतरवण्यापूर्वी केलेले अंदाजपत्रक दिसणाऱ्या लाकडापुरते मर्यादित असते. उघडल्यावर आणखी काही वासे बदलावे लागणे ही नित्याची बाब आहे. या कारणाने अनुभवी कारागीर ठरावीक कामासाठी एक रक्कम आणि बदलाव्या लागणाऱ्या जादा लाकडासाठी घनफुटाचा दर, अशी दुहेरी बोली करतात. घरमालकानेही त्यासाठी काही रक्कम राखून ठेवणे आवश्यक असते.

करार

छपराची कामे पुष्कळदा तोंडी बोलीवर होतात. वादाचे प्रसंग टाळण्यासाठी पुढील बाबी लेखी असणे हितावह ठरते: कौलाच्या नगावर की चौरस फुटावर मजुरी, लाकूड व कौले कोणी आणायची, वाहतुकीत फुटणाऱ्या कौलांचा भार कोणाचा, पाऊस आल्यास झाकण्याची जबाबदारी कोणाची, आणि उतरवलेल्या जुन्या साहित्याची मालकी कोणाची. शेवटची बाब क्षुल्लक नसते. जुने साग व सुस्थितीतील जुनी मंगळुरी कौले यांना चांगली मागणी आहे. रक्कम टप्प्याटप्प्याने देऊन अखेरचा हप्ता पहिल्या जोरदार पावसानंतर देण्याची अट घातल्यास गळतीची दुरुस्ती करून घेणे सोपे जाते.

परवानगी व संमती

छप्पर आहे त्याच उंचीवर व त्याच आकारात पुन्हा बसवणे हे सामान्यतः दुरुस्तीत मोडते. उंची वाढवणे, पोटमाळ्याची खोली करणे, पडवी पुढे वाढवणे किंवा उताराऐवजी सपाट स्लॅब टाकणे, हे बांधकामातील बदल ठरतात व त्यांसाठी परवानगी लागू शकते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेकडे चौकशी करणे आवश्यक असते. वारसा यादीतील किंवा वारसा क्षेत्रातील घरांना वेगळे नियम लागू होऊ शकतात.

कोकण व गोव्यातील अनेक घरे वडिलोपार्जित व सामाईक आहेत. एका भावाच्या खोल्यांवरचे छप्पर दुसऱ्याच्या खोल्यांवरील छपराशी एकाच आढ्याने जोडलेले असते. अशा घरात केवळ आपल्या भागाचे छप्पर बदलल्यास नव्या व जुन्या भागाच्या सांध्यातून गळती होते. सहहिस्सेदार मुंबईला किंवा परदेशी असल्यास त्यांची संमती व खर्चाची वाटणी आधीच निश्चित करावी लागते. भाड्याच्या घरांबाबत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची असते.

वादळाने छप्पर उडाले असल्यास शासकीय मदतीसाठी नुकसानीचा पंचनामा महत्त्वाचा असतो. तातडीने ताडपत्री घालावी लागली, तरी त्यापूर्वी नुकसानीची छायाचित्रे काढून ठेवणे उपयुक्त ठरते.

घरातील तयारी

जुने छप्पर उघडताना अनेक वर्षांची धूळ, चुलीची काजळी, उंदीर व वटवाघळांची विष्ठा आणि कौलांचे तुकडे खाली पडतात. त्यामुळे ज्या पाख्याचे काम असेल त्याखालील खोल्या पूर्ण रिकाम्या करतात. धान्य, अंथरुणे व देवघरातील वस्तू हलवल्या जातात, तर न हलणाऱ्या जड वस्तू झाकून घेतात. तक्तपोशी असली, तरी ती तुकड्यांचा आघात सहन करील असे गृहीत धरता येत नाही. वाशांवरून गेलेल्या विजेच्या तारा काम सुरू होण्याआधी वायरमनकडून बंद करून उतरवून घेणे आवश्यक असते. अंगणात कौले रचण्यासाठी सपाट जागा व मालवाहू गाडीसाठी वाट मोकळी ठेवावी लागते. छपरात मधमाश्यांची पोळी किंवा साप आढळणेही दुर्मीळ नाही.

कामाचे टप्पे

१. उतरवणी. प्रथम आढ्यावरची कौले काढून नंतर वरून खाली एकेक ओळ उतरवतात. दोन्ही पाख्यांवरील भार शक्यतो समतोल राहील अशा क्रमाने काम होते, कारण एकच बाजू पूर्ण रिकामी केल्यास जुन्या सांगाड्यावर एकांगी ताण येतो. मोठ्या घरात छपराचे भाग पाडून एका वेळी एकच भाग उघडतात. कारागीर साखळी करून हातोहात कौले खाली देतात. ती उभी रचून ठेवली जातात, कारण आडव्या थरांत खालची कौले फुटतात.

२. निवड व सफाई. जुनी कौले ब्रशने घासून शेवाळ काढतात. बोटाने किंवा लहान लाकडाने ठोकल्यावर खणखणीत आवाज देणारे कौल चांगले, तर बद्द आवाज देणारे तडकलेले समजले जाते. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची मापे व खाचा किंचित भिन्न असल्याने ती एकाच पाख्यावर मिसळत नाहीत. नवी कौले कमी पडल्यास एका पाख्यावर सर्व जुनी व दुसऱ्यावर सर्व नवी बसवतात.

३. सांगाडा. कुजलेले वासे बदलतात. केवळ टोक खराब असल्यास तेवढा भाग कापून नवे लाकूड सांधतात किंवा शेजारी जोडवासा देतात. नव्या लाकडावर वाळवीरोधक औषधाचा हात देतात. भिंतीत शिरणारी टोके विशेष काळजीने रंगवली जातात. वाळवी जमिनीतून भिंतीमार्गे चढलेली असल्यास केवळ लाकूड बदलून भागत नाही. पायथ्याशीही उपचार करावा लागतो. या टप्प्यात घरमालकाने प्रत्यक्ष हजर राहणे सर्वांत महत्त्वाचे असते, कारण कौले चढल्यावर सांगाडा पुन्हा दिसत नाही.

४. रिपा. दोन रिपांमधील अंतर सुमारे एक फूट असते, पण ते पुस्तकी मापावरून न ठरवता प्रत्यक्ष वापरावयाच्या कौलांवरून मोजून घेतात. अंतर जास्त झाल्यास वरचे कौल खालच्यावर पुरेसे चढत नाही, आणि कमी झाल्यास खाचा नीट बसत नाहीत. सर्व रिपा दोरी धरून एका रेषेत ठोकतात.

५. चढवणी. कौले वळचणीपासून आढ्याकडे चढवत नेतात, म्हणजे वरच्या प्रत्येक ओळीचे पाणी खालच्या ओळीवर पडते. वाऱ्याच्या माऱ्याच्या जागी, विशेषतः वळचणीच्या, कडेच्या व आढ्याजवळच्या ओळींतील कौले तारेने रिपांना बांधतात.

६. आढे व सांधे. आढ्यावरची कौले चुन्याच्या किंवा सिमेंटच्या मसाल्यात बसवतात. केवळ सिमेंटचा कडक मसाला लाकडाच्या हालचालीने तडकू शकतो. दोन पाखे आतल्या बाजूस मिळतात तिथे पत्र्याची पन्हळ बसवतात. छप्पर भिंतीला टेकते त्या रेषेवरही पत्रा लावतात. नव्या छपरातील बहुतेक गळती याच सांध्यांतून होते.

पत्र्याचा पर्याय

चांगल्या कौलांची टंचाई, कुशल कारागिरांची कमतरता आणि वार्षिक देखभालीचा त्रास यांमुळे अनेक घरमालक कौलांऐवजी रंगीत लोखंडी पत्रे निवडतात. मंगळुरात व केरळात कौलांचे अनेक कारखाने बंद पडले आहेत. पत्रे लवकर चढतात व त्यांतील सांधे कमी असतात. मात्र ते उन्हाने लवकर तापतात, पावसात मोठा आवाज करतात आणि खाऱ्या हवेत गंजतात.

निवड करताना वजनाचा विचार बहुधा दुर्लक्षित राहतो. वरील उदाहरणातील १,४०० कौलांचे वजन प्रत्येकी अडीच किलोग्रॅम धरल्यास साडेतीन टन भरते आणि पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. त्याच क्षेत्रफळाच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांचे वजन अर्ध्या टनाहूनही कमी असते. हलके छप्पर सांगाड्यावर कमी भार टाकते, हा त्याचा लाभ मानला जातो. परंतु वादळी वारा छपरावरून जाताना त्याला वरच्या दिशेने ओढतो. हे खेचणे कडांशी व आढ्याजवळ सर्वाधिक असते. कौलारू छप्पर आपल्या वजनाने या ओढीला विरोध करते आणि काही कौले उडाली, तरी सांगाडा सहसा जागेवर राहतो. नीट न बांधलेले पत्र्याचे छप्पर मात्र सांगाड्यासह उचलले जाऊ शकते आणि उडालेला पत्रा इतरांसही धोकादायक ठरतो. म्हणून जुन्या सांगाड्यावर पत्रे घालताना पत्रा कैचीला, कैची तुळईला व तुळई भिंतीला घट्ट बांधलेली असणे अत्यावश्यक असते.

काही ठिकाणी पत्रे घालून त्यांवर कौले रचतात. यात गळती कमी होते, परंतु दोन्हींचे वजन सांगाड्यावर येते. पत्रा व कौल यांमध्ये हवा खेळती न राहिल्यास लाकूड दमट राहते.

सुरक्षितता

छपरावरील कामात पडून जायबंदी होण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. रिपांवर थेट पाय न देता वाशांच्या रेषेवर किंवा आडव्या टाकलेल्या फळीवर चालतात. कमरेचा पट्टा व दोर शाबूत लाकडालाच बांधावा लागतो. ओल्या व शेवाळलेल्या कौलांवर चढणे टाळले जाते. काम सुरू असताना वळचणीखालची वाट बंद ठेवणे आवश्यक असते.

अनेक घरांच्या पडवीवर किंवा गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे असतात. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. हे पत्रे कापणे, घासणे किंवा फोडणे घातक असते. ते पाण्याने ओले करून, योग्य मुखपट्टी लावून, अखंड उतरवावेत असे सांगितले जाते. त्यांचे तुकडे अंगणातील भरावासाठी वापरणे टाळावे लागते. हे पत्रे ठिसूळही असतात व माणसाच्या भाराने अचानक फुटतात.

कामानंतरची देखभाल

नव्या छपराची खरी परीक्षा पहिल्या पावसात होते. पहिल्या काही सरींत किरकोळ ठिबक आढळणे अस्वाभाविक नाही. ती जागा खडूने किंवा छायाचित्राने नोंदवून कारागिराला दाखवल्यास दुरुस्ती लवकर होते. एकाच जागी सतत धार लागणे हे मात्र रिपांचे अंतर किंवा पन्हळ चुकल्याचे लक्षण असते.

नूतनीकरणानंतरही वार्षिक शाकारणीची गरज संपत नाही. पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ करणे, छपरावर आलेल्या आंबा-फणसाच्या फांद्या छाटणे आणि आढ्यावरील मसाल्याच्या भेगा भरणे ही कामे दरवर्षी करावी लागतात. त्याच कौलांचा पुरेसा साठा घरात राखून ठेवल्यास पुढे मापाचे कौल शोधावे लागत नाही. कोकणातील बंद घरांची छपरे लवकर कोसळण्याचे मुख्य कारण हेच आहे. एक कौल सरकल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, त्या फटीतून येणारे पाणी वाशाला कुजवते, आणि काही पावसाळ्यांनंतर आढेच खाली येते.